परीक्षेची धाकधूक कुठपर्यंत साहजिक, आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं?

अभ्यासिकाकाकू

पुण्यात सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. राज्यसेवा, कम्बाइन, सरळसेवा, बँकिंग अशा सरकारी नोकरीच्या सगळ्या स्पर्धा परीक्षांची मुलंमुली बसतात. बहुतेक मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-सांगलीकडची. पूर्वपरीक्षा जवळ आली की काय होतं ते मला आता पाठ झालंय. डबे अर्धे परत जातात, कुणाला जुलाब, कुणाला ॲसिडिटी, रात्री उशिरापर्यंत गॅलरीत येरझाऱ्या, पंखा बारीक करण्यावरून भांडणं. पेपर झाला की दोन-तीन दिवसांत सगळे ताळ्यावर येतात. एक मुलगी तर प्रत्येक पेपरच्या दिवशी सकाळी उलटी करते, तोंड धुते, आणि रिक्षा पकडून केंद्रावर जाते. तिची मला चिंता वाटत नाही.

चिंता वाटते ती वेगळ्या मुलांची. एक मुलगा (त्याला विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत) कायम दाराजवळचीच खुर्ची मागायचा. आत चांगली जागा रिकामी असली तरी नको. पुष्कळ दिवसांनी कारण सांगितलं: "धडधड सुरू झाली तर कुणाला न उठवता बाहेर पडता यायला हवं, काकू." नंतर त्याने टेस्ट सिरीज सोडली, रिव्हिजन झाली नाही म्हणून. मग मेस सोडून डबा लावला, कारण रांगेत उभं राहवत नव्हतं. घरचे फोन घेणं बंद. शेवटी हॉल तिकीट घेऊन केंद्रापर्यंत गेला आणि गेटवरून परत आला. या सगळ्या काळात त्याचा दिवसाचा दहा-बारा तास अभ्यास चालूच होता, म्हणून कुणालाच शंका आली नाही. घरच्यांना तर तो सगळ्यात मेहनती वाटायचा.

इतकी वर्षं पाहून माझं मत असं झालंय, की पोरगं किती घाबरलंय यावरून फारसं कळत नाही. घाबरून त्याने काय काय करायचं सोडलंय, ते विचारावं. इथे डॉक्टर मंडळी आहेत, स्वतः यातून गेलेले लोक आहेत. माझी खूण बरोबर आहे का? आणि दाराजवळची खुर्ची मागितली तर द्यावी की देऊ नये?

ओपीडीवाला

काकू, खूण अगदी बरोबर आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्हा रुग्णालयात बरीच वर्षं काढलीत. आम्ही निदान करताना हेच पाहतो: चिंतेमुळे झोप, अभ्यास, काम, नाती यांतलं काय बिघडलं आणि काय बंद पडलं.

आधी साहजिक भीतीबद्दल. धोका जाणवला की ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो, तोंड कोरडं पडतं. हे शरीराचं नेहमीचं काम आहे आणि थोड्या प्रमाणात उपयोगी आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगातून एक गोष्ट पुढे आली: उत्तेजना मध्यम असेल तर शिकणं सुधारतं, फार वाढली तर बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितकं ते लवकर बिघडतं. पाठ केलेली कलमं धडधडत्या छातीनेही आठवतात, पण नवा निबंध रचायला डोकं शांत लागतं.

आजार कधी म्हणायचं? महिनोन्‌महिने (प्रचलित निकष किमान ६ महिन्यांचा आहे), बहुतेक दिवस, परीक्षा, पैसे, आईबाबांची तब्येत, खोलीचं भाडं असं एकावरून दुसऱ्यावर जाणारं काळजीचं चक्र चालू असेल, थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, आणि सोबत थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणं, लक्ष न लागणं, झोप न येणं यातलं काही असेल, तर तो सर्वसाधारण चिंताविकार. अचानक झटका येतो, छाती धडधडते, आता मरतो असं वाटतं, आणि पुढे महिनाभर तरी "परत येईल का" या धास्तीने माणूस वागणं बदलतो, तर तो पॅनिक डिसऑर्डर. चारचौघांत बोलायची, कुणी पाहील याची भीती असेल तर सोशल अँग्झायटी. मुलाखतीच्या टप्प्यावर ही फार दिसते. तुमच्या मुलाचं वर्णन वाचून मला पॅनिकचा संशय येतो, पण निदान समोर बसवूनच करायचं असतं.

सोडून देण्याने आजार का वाढतो, तेही सांगतो. रांगेतून बाहेर पडलं की क्षणात हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, की मी पळालो म्हणून वाचलो. रांगेत मुळात धोका नव्हता हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि आणखी एक जागा कमी होते.

खुर्चीबद्दल: आज मागतोय तर द्या. नाही म्हणालात तर तो अभ्यासिकाच सोडेल. मात्र त्याच्याशी बोलून ठरवा, की काही दिवसांनी एक रांग आत, मग आणखी एक. वेग त्याने ठरवायचा, दिशा मात्र आतलीच.

अजून एक. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली २००६ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक उत्तराला ० ते ३, एकूण २१. साधारण १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटावं असा संकेत आहे. तो ताप मोजण्यासारखा प्रकार, त्याने आजाराचं नाव ठरत नाही. आणि मनोविकारतज्ज्ञाकडे येण्याआधी किंवा आल्यावर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. थायरॉइड वाढलेलं असलं की धडधड, घाम, वजन उतरणं, हात थरथरणं सगळं चिंतेसारखंच दिसतं. दम्याचा पंप, एनर्जी ड्रिंक आणि रात्रभराचा चहा यांचीही चौकशी करा.

लातूर_पॅसेंजर

काकूंच्या त्या मुलासारखाच मी. आता नोकरीत आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पहिला झटका खोलीवर आला, रात्री. डावा हात जड, छातीवर दगड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. रूममेटने बाइकवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, "काही नाही, गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नकोस" म्हणाले आणि गोळी देऊन पाठवलं. हृदय ठीक आहे हे कळलं ते चांगलंच झालं. पण मग मला जे झालं ते काय होतं, हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मी दुसरीकडे पुन्हा ईसीजी काढला, मग आणखी एका ठिकाणी. खिशात कायम पाण्याची बाटली आणि ॲस्पिरिन. पीएमटी बसने जाणं सोडलं, मग लायब्ररीचा वरचा मजला सोडला, मग गावी जाणं सोडलं कारण रेल्वे मध्येच कुठेही थांबते.

उपचार काय असतात याबद्दल लोकांना वाटतं की समोर बसून नुसतं बोलायचं. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी मला इमारतीचा जिना पळत चढायला लावला. वर पोचलो की विचारायच्या, "आता छातीत काय होतंय? किती वाजले?" फिरत्या खुर्चीत गोल फिरवलं, चक्कर येईपर्यंत. बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. जी धडधड, जी चक्कर, जी घुसमट मला मरणाची खूण वाटत होती, तीच हाताने आणायची आणि काही न करता तिथेच बसून राहायचं. पहिल्या वेळी मी रडलो. पण एक गोष्ट तेव्हाच पाहिली, की झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि नंतर आपोआप उतरतो. तोवर मी प्रत्येक वेळी पळून गेलो होतो, म्हणून तो उतरताना कधी पाहिलाच नव्हता.

मग यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. मेसमध्ये दुपारी उशिरा, गर्दी नसताना. मग एक वाजता. मग रविवारी फीस्टच्या रांगेत, बाटली न घेता. रेल्वे यादीत सगळ्यात वर होती.

सातारकर_गुरुजी

मी निवृत्त शिक्षक. सगळं वाचलं. आमच्या घरात अशा वेळी रामरक्षा, सूर्यनमस्कार आणि लवकर झोपणं हेच औषध होतं, आणि मला आजही त्याचा आधार वाटतो. मुलांनी व्यायाम करावा, पहाटे उठावं, यात चूक काही नाही ना? दुसरी शंका गोळ्यांची. नातवाला गोळ्या सुरू करा म्हणालेत. सवय लागली तर? आणि आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायचं? त्याची आई दिवसातून पाच-सहा वेळा फोन करून "सगळं ठीक होईल" म्हणून धीर देते, तरी त्याचं समाधान होत नाही.

औषधपेढी

गुरुजी, गोळ्यांबद्दल मी सांगतो, माझं मेडिकलचं दुकान आहे. यात दोन वेगळे गट आहेत आणि लोक दोन्हींना "टेन्शनची गोळी" म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

एक गट अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांचा. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं. पण काही आठवडे रोज घेतल्या तर शरीराला सवय लागते, तेवढ्याने भागत नाही, आणि एकदम बंद केल्या तर झोप उडते, थरथर होते, क्वचित फिट येऊ शकते. माझ्याकडे मुलं रिकामं पाकीट घेऊन येतात, "रूममेटला हीच दिलीय, दोन द्या." चिठ्ठीशिवाय द्यायची नसते आणि मी देत नाही. आधीच कुणी रोज घेत असेल तर त्याने स्वतःच्या मनाने बंदही करू नये; डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

दुसरा गट सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम असल्या गोळ्यांचा. बहुतेक वेळा याच मुख्य औषध म्हणून देतात. लगेच काही वाटत नाही. दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लोक "सोसत नाही" म्हणून सोडून देतात. डोस वाढवावासा वाटणं, गोळीसाठी तळमळणं हा प्रकार यांच्यात होत नाही. मात्र थांबवताना याही हळूहळूच थांबवायच्या.

ओपीडीवाला

औषधपेढींनी नेमकं लिहिलंय. एक भर घालतो: पंचविशीच्या आतल्या मुलांना दुसऱ्या गटातलं औषध सुरू केलं की पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. अस्वस्थता एकदम वाढली किंवा जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं. बरं वाटल्यावरही औषध सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात.

गुरुजी, रामरक्षा आणि सूर्यनमस्कार चालू राहू देत. नियमित व्यायामाने चिंता कमी होते याला चांगला आधार आहे. मी रुग्णाला एवढंच विचारतो, की प्रार्थना झाल्यावर तुम्ही परीक्षेला जाता की प्रार्थना संपतच नाही म्हणून घरी राहता? पहिलं असेल तर ती तुमची ताकद आहे.

नातवाच्या आईबद्दल. धीर दिल्यावर त्याला दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तीच शंका, पुन्हा फोन. दारातून पळण्यासारखंच आहे हे. त्याऐवजी त्यांनी विचारावं, "आज भीती वाटत असताना काय केलंस?" क्लासला गेला असेल तर त्याचं कौतुक करावं. "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य घरातून काढून टाकलं तर फार बरं. त्याला ते घ्यायचं नसतंच.

चालू_अटेम्प्ट

मला थोडं वेगळं बोलायचंय. सगळे मुलाच्या डोक्यात काय बिघडलं ते शोधताय. वय निघून चाललंय, जाहिरात कधी येईल माहीत नाही, आली तर जागा किती ते माहीत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली, पुण्यात आंदोलन झालं, परीक्षा पुढे गेली आणि डिसेंबरमध्ये झाली. मग पर्यायांऐवजी लेखी उत्तरांचा वर्णनात्मक पॅटर्न आला. बापाने शेत गहाण टाकून पाठवलेल्या मुलाला झोप येत नसेल तर तो आजारी कसा? त्याची काळजी खरी आहे. त्याला गोळी देऊन शांत केलं की बाकी सगळं तसंच चालू राहणार.

अभ्यासिकाकाकू

तुझं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. मुलांच्या काळजीतला निम्मा भाग तारखा आणि जागा वेळेवर जाहीर झाल्या तर आपोआप जाईल. पण एक बघ. शेत गहाण असलेली दोन मुलं माझ्याकडे शेजारी-शेजारी बसायची. एकाने बी प्लॅन म्हणून तलाठी, वनरक्षक सगळे फॉर्म भरले, संध्याकाळी पार्टटाइम काम धरलं, आंदोलनातही पुढे होता. दुसऱ्याला फॉर्मची वेबसाइट उघडली तरी दरदरून घाम यायचा, म्हणून त्याने शेवटची तारीख जाऊ दिली. कारण दोघांचं खरं, तेच. दुसऱ्याला त्या कारणाशी लढायलाही आधी उपचारच लागणार होते.

ओपीडीवाला

काकूंशी सहमत. न्यूमोनिया थंडीत झाला म्हणून आपण औषध नाकारत नाही. कारण बाहेरचं असलं तरी आजार आजारच असतो.

मांडवीकाठची

गोव्यातून लिहितेय. इथला एक अनुभव पुण्याच्या पेठांना उपयोगी पडेल. संगत या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मिळून एक मोठा प्रयोग केला होता, त्याचं नाव मानस. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना ते आजार समजावून सांगायचे, श्वासाचे व्यायाम शिकवायचे, पाठपुरावा करायचे; गरज पडली तरच औषध किंवा मनोविकारतज्ज्ञ. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नेहमीच्या मानसिक आजारांच्या दहांपैकी आठांहून जास्त रुग्णांना उपचार मिळत नव्हते. तेवढे तज्ज्ञ आपल्याकडे आहेत कुठे? अभ्यासिकेच्या काकू, मेसवाले, हॉस्टेलचे रेक्टर यांना थोडं प्रशिक्षण मिळालं तर गेटवरून परत फिरणारी किती मुलं आधीच सापडतील!

वऱ्हाडची_लेक

मला एकच भीती आहे आणि ती मोठी आहे. सरकारी दवाखान्यात मानसिक विभागाचा केसपेपर निघाला तर उद्या निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणीत अडचण येईल का? याच कारणाने मी वर्षभर कुणालाच दाखवलं नाही. आणि खासगीत एका वेळचे पैसे म्हणजे माझा महिन्याचा डबा.

ओपीडीवाला

ताई, ही भीती मी रोज ऐकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. रुग्णालय तुमचा कागद परस्पर कुणाला पाठवू शकत नाही. कायद्यात अपवाद आहेत, पण ते मोजके. पोलीस किंवा गणवेशाच्या सेवांचे वैद्यकीय निकष वेगळे असतात, त्या पदाची जाहिरात नीट वाचा. पण चिंताविकार हा उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे, आणि न दाखवता वर्ष गेलं तर नुकसान नक्की तुमचंच होतं.

पैशांचं: पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तशी रुग्णालयं ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीलाही आहेत. गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात विचारा. जाताना एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, झोप किती, चहा-कॉफी-तंबाखू किती, घरात कुणाला असं होतं का, आणि काकूंचा प्रश्न, काय काय सोडलंय. गर्दीच्या ओपीडीत वेळ थोडा मिळतो. कागद असला तर महत्त्वाचं राहून जात नाही.

आणि मरणाचे विचार येत असतील, कुणाच्याही मनात, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. त्याच रात्री कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. त्या माणसाला खोलीवर एकटं सोडू नका.

वऱ्हाडची_लेक

धन्यवाद डॉक्टर. कागद आज लिहिते. ससूनला एकटीने जायचं धाडस होत नाहीये. फोनवर आधी कुणाशी बोलता येईल का? मराठीत?

लातूर_पॅसेंजर

ताई, टेलिमानस. नंबर १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, पैसे लागत नाहीत. फोन लागला की भाषा निवडायची, मराठी आहे. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे देतात. काय बोलायचं सुचलं नाही तर तो कागदच वाचून दाखवा. आणि ससूनला जायचा दिवस ठरला की इथे व्यक्तिगत निरोप टाका, माझी बहीण पुण्यातच असते, ती सोबत येईल. मी तिला विचारलंय.

अभ्यासिकाकाकू

मीही येईन गं. सोमवार सोडून कुठलाही दिवस सांग, सोमवारी नवीन ॲडमिशन असतात. आणि ओपीडीवाले डॉक्टर, तुम्ही कागदात लिहायला सांगितलंत तेवढं सगळं मोठ्या अक्षरांत टाइप करून मी अभ्यासिकेच्या फलकावर लावतेय, खाली १४४१६. त्यात काही सुटलं असेल तर सांगा.

ओपीडीवाला

थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट असतील तर तेही आणायला सांगा. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रूममेटने दिलेल्या धरून.